खुलासेमास्तरांची शिडी

कागदाच्या गिरणीच्या फाटकाशी, डाव्या हाताला, दीड माणूस मावेल एवढी एक खोली आहे. त्यातला एक माणूस म्हणजे टाइमकीपर. उरलेली अर्धी जागा कार्डावर वेळ छापणाऱ्या घड्याळाची. सकाळी कामगारांची रांग लागते, एकेक कार्ड घड्याळाच्या तोंडात जातं, खट्ट आवाज होतो आणि माणूस त्या दिवसापुरता गिरणीचा होतो. हा खट्ट आवाज सत्तावीस वर्षं ऐकणारा जो माणूस त्या खोलीत बसायचा, त्याला पगाराच्या कागदावर काही का म्हणेनात, गिरणीत सगळे खुलासेमास्तर म्हणायचे.

नाव पडायला कारण होतं. आमच्या गिरणीतले साहेब आपल्याच भाषेत हसायचे, आपल्याच भाषेत शिव्या द्यायचे. पण कामगाराची चूक झाली की त्यांची भाषा बदलायची. शिवी आपली, मेमो इंग्रजी. रुळावरचा कागद तुटला, लगद्यात दोरीचा तुकडा सापडला, पाळीवर यायला उशीर झाला, की इंग्रजी मेमो हातात पडायचा. चोवीस तासांत लेखी खुलासा द्या, तोही इंग्रजीत. नाही दिलात तर गुन्हा मान्य आहे असं समजलं जाईल.

मग तो माणूस घामेजल्या हातात मेमो घेऊन फाटकाशी यायचा. मास्तर चष्मा वर सरकवायचे, मेमो दोनदा वाचायचे आणि विचारायचे, "खरं सांग. केलंस की नाही?"

"केलं, मास्तर."

"बरं. आता हे मला सांगितलंस, पुरे झालं. दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. मी लिहितो."

आणि ते असं लिहायचे की वाचून साहेबाला वाटावं माणूस अगदी वाकलाय, आणि कायद्यानं पाहावं तर कंबर जागच्या जागी. माझाही एक खुलासा त्यांच्याच हातचा आहे. मी लगद्याच्या हौदात फावडं पाडलं होतं. मास्तरांनी लिहिलेलं वाचून मलाच क्षणभर वाटलं, फावडं आपण होऊन उडी मारून गेलं असावं.

ह्या कलेची त्यांची एक काळ्या पुठ्ठ्याची वही होती. वहीत एक शिडी काढलेली. चूक मान्य करण्याचे, माघार घेण्याचे, नमतं घेण्याचे जेवढे म्हणून इंग्रजी शब्द त्यांना सापडले, तेवढे त्यांनी त्या शिडीच्या पायऱ्यांवर वजनाप्रमाणे बसवले होते. सगळ्यात खाली 'रिग्रेट'. शेजारी बारीक अक्षरात टीप: 'दुःख आहे, दोष नाही. शेजाऱ्याचं मांजर मेलं तरी चालतो.' त्याच्या वर 'ओव्हरसाइट'. 'चूक नजरेची, माणसाची नाही.' मग 'ॲक्नॉलेज'. म्हणजे आपला कागद पोचला, पुढचं पुढे. 'कन्सीड' हा शब्द त्यांचा लाडका. "ह्यात एक बोट द्यायचं आणि हात मागे ठेवायचा," असं ते सांगायचे. 'आय स्टँड करेक्टेड' ह्याच्यापुढे लाल खूण होती. 'फक्त साहेबलोकांसाठी. चूकही मान्य करायची आणि उभंही राहायचं. कामगारानं लिहिल्यास उद्धटपणा.' 'यील्ड' आणि 'सबमिट' वरच्या अंगाला होते, संप मोडल्यावर युनियनच्या कामाचे. 'थ्रो इन द टॉवेल' ह्याच्यापुढे एवढंच लिहिलं होतं, 'टॉवेल कोणाचा? चौकशी करणे.'

जेवणाच्या सुट्टीत मास्तर रंगात आले की डबा उघडता उघडता सांगायचे, "अरे, ह्या लोकांचं सगळं उलटं. इंग्रज माणूस हरला की खायला बसतो. आपलेच शब्द खातो, टोपी खातो, वेळ आली तर कावळासुद्धा खातो. आपल्याकडे माणूस चूक करताना माती खातो, त्यांच्याकडे चूक कबूल करताना पंगत बसते."

हसून हसून माणसांच्या घशात घास अडकायचा. पण शिडीच्या शेवटच्या पायरीबद्दल कोणी विचारलं की मास्तर वही मिटायचे. तिथे एकच शब्द होता, चौकटीत, एकटा. 'ॲडमिट.' त्याच्याखाली लिहिलं होतं, 'इथून पुढे शिडी नाही.' त्या वहीतून तो शब्द मास्तरांनी कधी कोणासाठी वापरला नाही. बाराशेच्या वर खुलासे त्यांनी लिहिले आणि त्यातल्या एकाही माणसाची नोकरी गेली नाही, असं गिरणीत अभिमानानं सांगतात.

ते तितकंसं खरं नाही. एकाची गेली होती. पहिल्याच खुलाशात. आणि तो माणूस म्हणजे मास्तरांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्यांचे दाजी.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दाजी तेव्हा सुकवणीच्या रुळांवर होते. ओला कागद तापलेल्या रुळांवरून सरकत जायचा आणि दाजी तळहाताच्या पाठीनं त्याची ऊब जोखायचे. त्यांच्यासारखा हात गिरणीत दुसऱ्याचा नव्हता. एका दुपारी पलीकडच्या टोकाचं बेअरिंग तापलं. पाळीच्या फोरमननं हाक मारली, दाजी तिकडे धावले, आणि तेवढ्यात इकडे कागद तुटला. रुळांना गुंडाळून त्याचा कोबी झाला. चार तास यंत्र बंद. दाजींना मेमो आला, जागा सोडून का गेलात?

मास्तरांनी तेव्हा नुकतंच एक जाडजूड इंग्रजी पुस्तक जुन्या बाजारातून आणलं होतं. एका अर्थाचे सगळे शब्द त्यात एका ओळीत मांडलेले. मास्तर गावच्या शाळेत जेमतेम शिकलेले, बाकी सगळं स्वतःच्या जोरावर. त्यांना वाटलं, एका ओळीत बसले म्हणजे सगळे सारखेच. मग पाहुण्यासाठी घरातलं जड ताट काढावं तसा त्यांनी त्यातला सगळ्यात जड, रुबाबदार वाटला तो शब्द काढला. 'आय ॲडमिट दॅट आय लेफ्ट माय पोस्ट.' तिथे पूर्णविराम दिला. फोरमननं बोलावलं होतं, हे पुढच्या वाक्यात लिहिलं.

पुढचं वाक्य कोणी वाचलंच नाही. कामगारानं लेखी मान्य केलं की चौकशी होत नाही, असा गिरणीचा नियम. साक्ष नाही, जबाब नाही. आठव्या दिवशी दाजी घरी बसले.

दाजींना वाटलं, चौकशी झाली आणि फोरमन उलटला. दोघं एका डब्यात जेवणारे. फोरमन दोन दिवसांनी घरी आला, दारातूनच म्हणाला, "मला कोणी विचारलंच नाही रे." दाजींनी दार लावून घेतलं. मास्तर त्या वेळी घरातच होते, खांबाला टेकून उभे. साहेबांच्या टायपिस्टनं आदल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं, "अहो, ॲडमिट लिहिलंत, मग चौकशी कशाला करतील?" मास्तरांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी दार लागताना पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी काळी वही आणली आणि शिडी काढली.

तेव्हापासून दाजी घरच्या अंगणात खुर्च्यांची बैठक विणतात. आणि भेटेल त्याला सांगतात, "आमच्या मेव्हण्यानं खुलासा एक नंबर लिहिला होता. पण मित्रच खोटा निघाला, त्याला मेव्हणा काय करणार?"

हे वाक्य मास्तरांनी एकोणीस वर्षं ऐकलं. दर वेळी ते पायातली चप्पल बोटांनी सरळ करत बसायचे.

आता दाजींची मुलगी, मास्तरांची भाची, गिरणीच्या कचेरीत लागली होती. हुशार पोरगी, इंग्रजी पाण्यासारखं. तिला काम मिळालं रेकॉर्डच्या खोलीत. जुन्या कामगारांच्या फायली तिकीट नंबराच्या क्रमानं उघडायच्या, एकेक कागद वाचून कॉम्प्युटरमध्ये घालायचा. दाजींचं तिकीट चारशे बारा.

संध्याकाळी साडेपाचला ती फाटकाशी यायची, कार्ड घड्याळात घालायची आणि मास्तरांकडे न बघता म्हणायची, "मामा, आज दोनशे पाचपर्यंत आले."

पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "छान."

दुसऱ्या दिवशी, "मामा, दोनशे एकेचाळीस."

मास्तरांनी नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवसापासून त्यांचं बसणं गेलं. ते खुर्चीवर टेकायचे, उठायचे, घड्याळाचं झाकण उघडून उगाच आत बघायचे, परत टेकायचे. कोणी मेमो घेऊन आलं तर वहीचं पान सापडायचं नाही. एकाच्या खुलाशात त्यांनी एकच ओळ दोनदा लिहिली.

"मास्तर, तब्येत बरी आहे ना?" लगदेवाल्यानं विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, तुम्ही मघापासून माझंच कार्ड तिसऱ्यांदा छापताय."

दोनशे अठ्ठ्याहत्तर. तीनशे चौदा. मास्तर मनातल्या मनात भागाकार करायचे. दिवसाला छत्तीस-सदतीस. शनिवारी चारशे बारा. कधी वाटायचं, तिच्या हाताला वेग कमी यावा. कधी वाटायचं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. जेवणाचा डबा ते जसाच्या तसा परत न्यायला लागले.

गुरुवारी दुपारी, दोन पाळ्यांच्या मधल्या शांततेत, त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. आपला स्वतःचा खुलासा लिहायला घेतला. सवयीनं हात इंग्रजीतच चालला. 'इट इज रिग्रेटेड.' खोडलं. 'देअर अपिअर्स टू हॅव बीन ॲन ओव्हरसाइट.' खोडलं. 'आय कन्सीड' पर्यंत आले आणि थांबले. शिडीचा एकेक शब्द त्यांनी उचलून पाहिला. प्रत्येकाला मागून एक दार होतं, आणि ते दार त्यांनीच, स्वतःच्या हातानं, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलं होतं. कागद चुरगळून त्यांनी खिशात घातला. संध्याकाळी भाची आली.

"मामा, तीनशे एकावन्न."

"जरा सावकाश कर गं. डोळ्यांना त्रास होतो."

"कोणाच्या?" ती म्हणाली आणि गेली.

शनिवारी सकाळी मास्तर रेकॉर्डच्या खोलीत गेले. भाची कचेरीत साहेबाकडे गेलेली बघून गेले. आत काय करायचं हे त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. एकच कागद काढायचा. एकोणीस वर्षांचा पिवळा कागद, तो गेला तर कोणाला पत्ता लागणार? रॅकवर फायली उभ्या होत्या. चारशे दहा. चारशे अकरा. चारशे तेरा.

त्यांनी परत मोजलं. चारशे अकरा, चारशे तेरा.

"ती माझ्या खणात आहे," मागून भाची म्हणाली.

मास्तर वळले. हात रॅकवर तसाच राहिला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मामा, रेकॉर्डच्या खोलीत पाऊल टाकल्यावर कोणती मुलगी एक नंबरापासून सुरुवात करेल? मी आधी बाबांचीच काढली."

"मग रोज नंबर कशाला सांगत होतीस?"

"मेमोला चोवीस तास देतात. तुम्ही मामा, म्हणून मी जास्त दिले. तुमच्या कार्डावर रोज वेळ छापत होते. पण कार्ड काही बोलेना."

मास्तर स्टुलावर बसले. खिशातला चुरगळलेला कागद त्यांच्या मांडीला टोचत होता.

"दाजींना सांगितलंस?"

"मी का सांगू? लिहिलं कोणी?" तिचा आवाज चढला नाही. "आज अर्धा दिवस. एक वाजता मी घरी पोचेन. मी पोचायच्या आत तुम्ही पोचा. नाहीतर मी फाईल घेऊनच घरात शिरेन."

मास्तर फाटकाशी आले. अकरा वाजत होते. बदलीला माणूस नव्हता. सत्तावीस वर्षांत पाळी संपल्याशिवाय ते फाटकाबाहेर पडले नव्हते. त्यांनी खोलीचं दार लोटलं, स्वतःचं कार्ड घड्याळात घातलं, खट्ट आवाज ऐकला आणि चालायला लागले. जागा सोडून का गेलात, असा मेमो सोमवारी त्यांनाही येणार होता. त्याची त्यांना ह्या वेळी फिकीर नव्हती.

दाजी अंगणात एका खुर्चीच्या चौकटीत पट्टी ताणत बसले होते. ताई उंबऱ्यात धान्य निवडत होती.

"अरेच्चा, मास्तर! आज गिरणी जळाली की काय?" दाजी हसले. "बस. ह्याला चहा ठेव गं."

ताई आत गेली. मास्तर खांबापाशी उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, खांब तोच आहे, आणि ते दोन पावलं बाजूला सरकले.

"दाजी, त्या वेळी जे झालं, त्याचं मला वाईट वाटतं."

"कोणत्या वेळी?"

"तुमच्या नोकरीच्या. त्या खुलाशात... शब्द थोडे इकडेतिकडे पडले असावेत."

ताई चहाचा कप घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, "शब्द काय झाडावरून पडतात? नीट बोल की."

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. कपाळावरचा घाम भुवईवर येऊन थांबला. शिडी आता पायाखाली नव्हती.

"दाजी, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

मग ते सांगत गेले. जाड पुस्तक, जड शब्द, पूर्णविराम. चौकशी झालीच नाही. दाजींचा हात पट्टीवर थांबला होता, पट्टी सैल पडत चालली होती, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"म्हणजे फोरमनला कोणी विचारलंच नाही?"

"नाही."

"तो तेच सांगायला आला होता."

"हो."

"तेव्हा तू घरात होतास. तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि मी दार लावलं ते तू बघितलंस."

"हो."

एवढ्या वर्षांत मास्तरांनी इतका छोटा खुलासा कधी दिला नव्हता. ताईनं भावापुढे ठेवलेला कप उचलला आणि आत घेऊन गेली. आतून चहा मोरीत ओतल्याचा आवाज आला.

"माझी चूक पोटात घाला, दाजी," मास्तर म्हणाले.

"पोटात?" दाजी उठले. गुडघे वाजले. "एकोणीस वर्षं एका माणसाचा राग पोटात घेऊन बसलोय मी. तिथं आणखी जागा आहे का? आधी तो बाहेर काढू दे. तुझं नंतर बघू." त्यांनी दाराशी जाऊन चपला शोधल्या. "चल."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? त्याच्या घरी."

फोरमनचं घर दोन गल्ल्या सोडून, पाण्याच्या टाकीमागे. पण त्या गल्लीतून दाजी एकोणीस वर्षांत गेले नव्हते. बाजारात जाताना लांबचा वळसा घालायचे, पावसात, उन्हात, खुर्च्या खांद्यावर घेऊन. आज ते सरळ निघाले. मास्तर मागे चार पावलं. दाजींनी एकदाही वळून पाहिलं नाही. टाकीपाशी मात्र ते थांबले, सदऱ्याची बटणं चाचपली, केसांवरून हात फिरवला.

"मी काय बोलू तिथं?" मास्तरांनी विचारलं.

"तू काही बोलू नकोस. तू लिहिलंस तेवढं बास झालं."

दार फोरमननंच उघडलं. म्हातारा झाला होता, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी कपाळावर सरकवलेली. त्यानं दाजींना पाहिलं. मागे मास्तरांना पाहिलं. पुन्हा दाजींना पाहिलं. दाजींचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. रुळावरच्या कागदाची ऊब जोखणारा तो हात दाराच्या चौकटीवर वरखाली होत होता.

शेवटी फोरमनच म्हणाला, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती, "मला कोणी विचारलंच नाही रे."

"मी विचारतोय," दाजी म्हणाले. "त्या दुपारी, कागद तुटायच्या आधी, तू मला हाक मारली होतीस?"

"मारली होती. बेअरिंग तापलं होतं. मीच बोलावलं तुला."

"मग झालं," दाजी म्हणाले. त्यांनी डोळे पुसले नाहीत, चौकट घट्ट धरून ठेवली. "मी दार लावलं तुझ्या तोंडावर. चुकलं माझं."

फोरमन बाजूला झाला. दाजी आत गेले. आत भांडं सरकल्याचा आवाज झाला, कोणीतरी नाक शिंकरलं. मास्तर पायरीवर उभेच. ऊन डोक्यावर आलं होतं. जावं की थांबावं, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि आपण होऊन ठरवण्याचा आज त्यांना हक्क वाटत नव्हता. खिशातला चुरगळलेला कागद त्यांनी बाहेर काढला, उलगडला, खोडलेल्या ओळी वाचल्या आणि त्याचे बारीक तुकडे केले. तुकडे टाकायला जागा दिसेना, म्हणून मुठीतच धरून ठेवले.

आतून फोरमनचा आवाज आला, "अरे, मास्तर बाहेरच उभेत. बोलाव की त्यांना."

"राहू दे," दाजी म्हणाले. "थोडा वेळ राहू दे उन्हात."

मास्तर राहिले.